उंदराची टोपी आणि मराठीचा पहिला धडा

मुळशी तालुक्यात नव्यानं मराठी शिकणारी मुलं दोन अगदी वेगळ्या ठिकाणी भेटतात. एक ठिकाण हिंजवडी. आयटी पार्क आलं आणि त्यापाठोपाठ उत्तर प्रदेशापासून तामिळनाडूपर्यंतची कुटुंबं तिथं येऊन राहिली. कुणी संगणकावर काम करतं, कुणी बांधकामावर. त्यांच्या मुलांच्या दप्तरात मराठीचं पुस्तक असतं, कारण २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांमध्ये मराठी शिकवणं सक्तीचं झालं. दुसरं ठिकाण पौडच्या पुढं, डोंगराकडं. कोळवण खोऱ्यासारख्या भातखाचरांच्या मुलखात मराठी ही रोजची भाषा, पण मुळशीच्या डोंगरउतारावरच्या कातकरी वाड्यांमधून शाळेत येणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी घरची वाटत नाही. कातकरी बोलीचं मराठीशी नातं आहे, तरी ती वेगळी आहे. कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासोबत कातकऱ्यांची गणना केंद्र सरकारनं विशेष असुरक्षित आदिवासी गटांमध्ये केली आहे. शाळा मध्येच सुटण्याचा धोका या मुलांना इतरांपेक्षा जास्त.

यांच्याखेरीज मोठी माणसंही आहेतच. कोळवणला चिन्मय मिशनचं ‘चिन्मय विभूती’ हे केंद्र आहे. तिथल्या शिबिरांना देशभरातून माणसं येतात. त्यांतल्या एखाद्याला गावातल्या दुकानदाराशी चार वाक्यं मराठीत बोलावीशी वाटली, तर तो काय वाचणार? व्याकरणाचं पुस्तक मिळेल, ‘तीस दिवसांत मराठी’ छापाचं मिळेल. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचून संपवता येईल आणि वाचताना ‘पुढं काय झालं?’ असं वाटेल, असं पुस्तक शोधायला मात्र त्याला बरंच फिरावं लागेल.

जगात या जागेवर बहुतेक ठिकाणी परीकथा आणि लोककथा बसवलेल्या असतात. त्याचं कारण सरळ आहे. सिंड्रेला किंवा लाल टोपीवाली मुलगी यांची गोष्ट शिकणाऱ्याला आपल्या भाषेत आधीच माहीत असते. कथानक समजून घेण्याची मेहनत वाचते आणि सगळं लक्ष भाषेवर देता येतं. पण मराठी गोष्टींमध्ये याहून मोठं काहीतरी दडलेलं आहे. आपल्या आज्यांनी सांगितलेल्या कित्येक गोष्टी मुळातच भाषा शिकवण्यासाठी रचल्यासारख्या आहेत.

उंदराच्या टोपीची गोष्ट घ्या. महाराष्ट्रात ती ऐकली नाही असं मूल विरळाच. पहिल्या पायरीच्या वाचकासाठी ती अशी लिहिता येईल:

उंदराला एक कापड मिळालं. तो धोब्याकडे गेला. ‘धोबीदादा, कापड धुऊन द्या.’ धोब्यानं कापड धुऊन दिलं. मग तो शिंप्याकडे गेला. ‘शिंपीदादा, टोपी शिवून द्या.’ शिंप्यानं टोपी शिवून दिली. मग तो गोंडेवाल्याकडे गेला. ‘गोंडेवालेदादा, गोंडा लावून द्या.’ गोंडेवाल्यानं गोंडा लावून दिला.

आता यात काय काय आलं ते पाहावं. दिलं, दिली, दिला. कापड नपुंसकलिंगी, टोपी स्त्रीलिंगी, गोंडा पुल्लिंगी. काम करणारा धोबी असो की शिंपी, क्रियापद त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते कर्माच्या मागं जातं. मराठी शिकणाऱ्या बहुतेकांची गाडी इथंच अडते. हिंदीभाषकाला ‘ने’ लावून येणारं वाक्य ओळखीचं असतं, पण नपुंसकलिंग त्याच्या भाषेत नाही. तमिळ माणसाला तर टोपी बाई कशी आणि गोंडा पुरुष कसा, हेच कोडं, कारण त्याच्या भाषेत निर्जीव वस्तूंना असला स्त्री-पुरुषभेद नसतो. व्याकरणाच्या पुस्तकात याला ‘कर्मणी प्रयोग’ असं भारदस्त नाव आहे आणि त्यावर पानभर नियम आहेत. उंदीर ते सगळं तीन दुकानांत उरकतो. शिवाय धोबी-धोब्याकडे, शिंपी-शिंप्याकडे ही सामान्यरूपं आली. ‘धुऊन द्या, शिवून द्या’ ही अदबीची विनंती आली. अनोळखी कारागिराला ‘दादा’ म्हणायचं असतं, हेही आलं.

हीच गोष्ट ‘सोपी’ करायला दिली तर अनेकजण काय करतात? ती लहान करतात. ‘उंदरानं मिळालेलं कापड धुऊन व शिवून घेऊन त्याच्या टोपीला गोंडा लावून घेतला.’ झालं. दहा वाक्यांचं एक वाक्य झालं, जागा वाचली, आणि गोष्ट शिकणाऱ्याच्या हातातून निसटली. चार क्रिया एकाच वाक्यात कोंबल्या, ‘घेऊन’ आणि ‘घेतला’ एकमेकांच्या अंगावर पडले, संवाद गेला. मुलाला जे दर वेळी आधीच ओळखता येत होतं, म्हणजे आता हा पुढच्या दादाकडे जाणार आणि तेच मागणार, तेही गेलं. मौखिक गोष्टीतली पुनरावृत्ती हे पाल्हाळ समजून कापणं ही सोप्या पुनर्कथनातली सगळ्यात महागात पडणारी काटकसर आहे.

गोष्टीचा पुढचा भाग दुसऱ्या पायरीचा. उंदीर टोपी घालून ढोल बडवत राजवाड्यासमोर मिरवतो. राजा चिडून टोपी हिसकावून घेतो. उंदीर गावभर ओरडतो की राजा भिकारी झाला, माझी टोपी घेतली. अब्रूला भिऊन राजा टोपी परत करतो, तर उंदीर म्हणतो, राजा मला घाबरला! इथं राग, लाज, बढाई सगळं आहे आणि ‘म्हणून’, ‘तरी’, ‘मग’ हे वाक्यं जोडणारे शब्द आपोआप लागतात. एकच गोष्ट शिकणाऱ्याला दोन-तीन इयत्ता पुरते.

मराठी भाषकांना याचं अप्रूप वाटत नाही. पण मराठीतली सुरुवातीची छापील कथापुस्तकं ज्यांना मराठी येत नव्हतं अशा लोकांच्या निकडीतून छापली गेली, हे फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. कलकत्त्याला १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज निघालं ते कंपनी सरकारच्या कोवळ्या इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी. तिथं विल्यम केरी हा मिशनरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवू लागला. १८०५ मध्ये त्यानं मराठीचं व्याकरण छापलं आणि त्याला रोजच्या बोलण्यातले संवाद जोडले. १८१० मध्ये कोश आला. तरी विद्यार्थ्यांनी वाचायचं काय, हा प्रश्न होताच. तेव्हा पंडित वैजनाथ यांच्याकडून गोष्टी लिहवून घेण्यात आल्या. श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून १८१४ मध्ये ‘सिंहासनबत्तिशी’ बाहेर पडली, १८१५ मध्ये ‘हितोपदेश’, १८१६ मध्ये ‘राजा प्रतापादित्याचं चरित्र’. पुस्तकं मोडी लिपीत छापली होती, कारण साहेबाला कचेरीत जे कागद वाचायचे होते ते मोडीतच असत. हे श्रीरामपूर म्हणजे हुगळीकाठचं. नगर जिल्ह्यातलं नव्हे.

सिंहासनबत्तिशीत बत्तीस पुतळ्या, प्रत्येकीची एक गोष्ट, प्रत्येक गोष्टीत विक्रमाच्या औदार्याची एक हकीकत. चौकट तीच राहते, आतला माल बदलतो. परक्या भाषेतलं पहिलं पुस्तक वाचणाऱ्या माणसाला याहून सोयीची रचना सापडणं कठीण. हितोपदेशाचं आणि त्याच्या आधीच्या पंचतंत्राचंही तेच. पंचतंत्राची कहाणीच मुळी अभ्यासात लक्ष नसलेल्या तीन राजपुत्रांपासून सुरू होते आणि विष्णुशर्मा त्यांना सहा महिन्यांत शहाणं करण्याचा विडा उचलतो. मॅक्स म्युलरनं १८६४ मध्ये संस्कृत शिकणाऱ्या युरोपीय विद्यार्थ्यांसाठी हितोपदेशच निवडला. ओळीखाली रोमन उच्चार, शब्दाशब्दाची फोड आणि शेवटी भाषांतर, अशी त्याची मांडणी होती. गोष्टीतला कोल्हा, कावळा नि कासव यांनी किती परदेशी लोकांना आपल्या भाषा शिकवल्या, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

तिकडं दक्षिणेत, तंजावरच्या सरफोजी राजांच्या दरबारात इसापच्या गोष्टी मराठीत आणण्याचा उद्योग शतकाच्या आरंभीच झाला होता. ‘बालबोध मुक्तावली’ हे त्या पुस्तकाचं नाव. मुंबईत १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापनीती आणि ‘बाळमित्र’ शाळकरी मुलांसाठी लिहिली, १८३० मध्ये ‘वेताळपंचविशी’. इथं मात्र गिऱ्हाईक बदललं. साहेबाच्या जागी मराठी मूल आलं. त्याला मराठी येतच होतं, म्हणून पुस्तकाचं काम भाषा शिकवण्यावरून नीती शिकवण्याकडं वळलं. गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ येऊन बसलं ते आजतागायत उठलेलं नाही.

गोष्ट सांगणारीच भाषा शिकणारी असली तर काय होतं, याचा एक नामांकित दाखला आपल्याच मुलखातला आहे. १८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर निघाले. बरोबर त्यांची मुलगी मेरी आणि तिची आया अ‍ॅना लिबराटा डिसूझा. लांबच्या प्रवासात मेरीला करमेना, म्हणून अ‍ॅना तिला आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगू लागली, अर्थात इंग्रजीत. इंग्रजी काही अ‍ॅनाची मायबोली नव्हती. मेरी टिपणं काढी, मग गोष्ट लिहून अ‍ॅनाला वाचून दाखवी आणि तपशील बरोबर आहेत ना याची खात्री करून घेई. १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावानं लंडनला ते पुस्तक निघालं. त्यात पोपटात जीव ठेवलेला जादूगार आहे, धीराची शेवंतीबाई आहे, वाघ पकडणारा भित्रा कुंभार आहे. कथेइतकीच त्यातली अ‍ॅनाची स्वतःची हकीकत वाचण्यासारखी आहे. पोटासाठी शिकलेल्या भाषेत एक बाई आजीच्या गोष्टी सांगते आणि त्या जगभर जातात. लोककथा कमी शब्दांत उभी राहू शकते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

जवळपास पन्नास वर्षांनी, १९१४ मध्ये, चार्ल्स किंकेड या सनदी अधिकाऱ्यानं आपल्याकडच्या चातुर्मासातल्या कहाण्या इंग्रजीत नेल्या. ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ असं त्या पुस्तकाचं नाव आणि चित्रं म. वि. धुरंधरांची. आटपाट नगरातला गरीब ब्राह्मण, त्याच्या मुली, नावडती राणी ही मंडळी इंग्रज मुलांच्या बिछान्यापर्यंत पोहोचली. आज मराठी शिकणाऱ्यांसाठी मजकूर शोधणाऱ्यानं या कहाण्यांचं मूळ मराठी रूप नजरेखालून घालावं. व्रताचा भाग बाजूला ठेवला तरी त्यांच्या वाक्यांची ठेवण विलक्षण आहे. वाक्य चार-पाच शब्दांचं. सांगणारीच मध्ये विचारते, पुढं काय झालं? आणि तीच उत्तर देते. राणीनं काय केलं? दिवा लावला. राजा कुठं गेला? रानात गेला. प्रश्न आणि उत्तर यांची ही फुगडी भाषावर्गातले शिक्षक मुद्दाम बसवतात. कहाणीत ती फुकट मिळते.

सोपं वाचन मोजूनमापून तयार करण्याचं आधुनिक शास्त्रही आपल्याच उपखंडात आकाराला आलं. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याला होता. बंगाली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि तरी एक पुस्तक स्वतःहून वाचू शकत नाहीत, हे त्याला दिसलं. पुस्तकं तपासल्यावर त्याला कारणही कळलं. नवे शब्द धबाधबा ओतले जात होते, ते पुन्हा भेटतच नव्हते, आणि त्यांतले अनेक कवितेपलीकडं कुठं वापरातही नव्हते. वेस्टनं शब्द निवडून घेतले, जुन्या शब्दांच्या गर्दीत नवे थोडेथोडे पेरले आणि नेहमीच्या कथा त्या शब्दांत नव्यानं लिहिल्या. १९२० च्या दशकातल्या त्याच्या वाचनमाला आणि १९५३ ची सुमारे दोन हजार शब्दांची यादी यांवर पुढं सगळा डोलारा उभा राहिला. आज ऑक्सफर्डच्या एका प्रसिद्ध मालेत सुरुवातीची पुस्तकं अडीचशे मूळ शब्दांत लिहिलेली असतात आणि सहाव्या पायरीची अडीच हजारांत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट समजायची तर त्यातले शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नास शब्दांमागं एकच नवा. आपली बालसाहित्याची पुस्तकं या मापानं मोजली तर कित्येकांचा पहिल्याच पानावर निकाल लागेल.

जर्मनीत याच्याही पुढची मजल मारली आहे. तिथं ‘सोपी भाषा’ हा एक नियमबद्ध प्रकार आहे: एका वाक्यात एकच गोष्ट, लांबलचक जोडशब्द तोडून लिहायचे, लपेटून बोलायचं नाही. एनडीआर या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं ग्रिमबंधूंच्या परीकथा या भाषेत आणल्या आहेत. त्या बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी आहेत, तशा नव्यानं जर्मन शिकणाऱ्यांनाही उपयोगी पडतात.

मराठीत हे करू जाता एक अडचण आधी उभी राहते, ती लिहिण्या-बोलण्यातल्या फरकाची. माणसं ‘कापड दिलं’ म्हणतात. बरीच पुस्तकं ‘कापड दिले’ छापतात. घरात मराठी असलेल्या मुलाला याचं काही वाटत नाही, ते वाचतानाच मनात बदल करून घेतं. पण नव्यानं शिकणाऱ्याला ‘गोंडे दिले’ हे अनेकवचन आणि ‘कापड दिले’ हे एकवचन दिसायला सारखंच. बिचाऱ्यानं नुकतंच पाठ केलेलं कोष्टक इथं कोसळतं. निदान पहिल्या दोन पायऱ्यांची पुस्तकं बोलल्यासारखी छापावीत, शुद्धलेखनाचे कैवारी रागावले तरी चालेल. ग्रांथिक रूपं तिसऱ्या पायरीला येऊ द्यावीत.

दुसरी अडचण शब्दांची. बाजारात झगझगीत चित्रांच्या परीकथांना तोटा नाही, पण त्यांतली राजकन्या रडत नाही, ‘अश्रू ढाळते’. तिला भूक लागत नाही, ती ‘क्षुधेने व्याकूळ होते’. पानं आठ, किंमत थोडी, अक्षरं ठसठशीत, आणि मराठी अशी की पंचविशीतल्या मराठी माणसानंही जरा थांबावं. इंग्रजीवरून घाईनं केलेल्या भाषांतरात हा दोष हटकून येतो. उलट धोबी, गोंडा, जातं, उखळ असले जुने शब्द काढून टाकण्याची घाई नको. ते चित्रात दाखवता येतात. धोब्याऐवजी इस्त्रीवाला आणला तरी उंदराचं काही बिघडत नाही म्हणा, फक्त त्याला कापड इस्त्री करून मिळेल, धुऊन नाही.

ज्यांनी ही अडचण ओळखून काम केलं, अशी माणसं महाराष्ट्रात झाली आहेत. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन भाषाभ्यासक बाई साठच्या दशकात इथं आल्या आणि फलटणमध्ये राहून इथल्याच झाल्या. जाई निंबकर यांच्यासोबत त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची क्रमिक पुस्तकं, वाचनपाठ आणि कोश तयार केले. नंतर त्यांनी आपला मोहरा फलटणमधल्या शाळेबाहेर राहिलेल्या मुलांकडं वळवला. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था निघाली आणि तिच्यातून कमला निंबकर बालभवन ही शाळा. परदेशी पीएचडीचा विद्यार्थी आणि दलित वस्तीतलं मूल, दोघांना वाचायला शिकवताना एकाच बाईचा अनुभव कामी आला, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

त्याआधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेलं ग्राम बाल शिक्षा केंद्र पुढं कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गोष्टी आणि गाणी हा त्या अंगणवाडीचा कणा होता. आज पालघर जिल्ह्यातच, वाडा तालुक्यातल्या सोनाळ्यात, नीलेश निमकर यांनी उभी केलेली ‘क्वेस्ट’ ही संस्था काम करते. तिच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात तरुण नट मुलांच्या पुस्तकातली गोष्ट आश्रमशाळेत नाटक करून दाखवतात आणि मग तेच पुस्तक मुलांच्या हाती देतात. आधी पाहायचं, ऐकायचं, मग वाचायचं. हा क्रम आजीच्या गोष्टीचाच आहे. फक्त आजीच्या हातात पुस्तक नव्हतं.

मोठ्यांसाठीही काही हालचाल झाली. राज्य मराठी विकास संस्थेनं मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाच्या मदतीनं ‘माय मराठी’ हा अमराठी लोकांसाठीचा पायरीपायरीचा अभ्यासक्रम तयार केला. परकी भाषा कशी शिकवतात हे जर्मनवाल्यांना चांगलं ठाऊक, म्हणून त्यांना हाताशी धरलं, हा शहाणपणाच. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा भारती विद्यापीठाच्या सहकार्यानं परीक्षा घेतात. तिथल्या मुलांना आजी-आजोबांशी फोनवर बोलण्याइतकी मराठी येत असते, वाचायला मात्र ‘अ’पासून सुरुवात.

वाचायला सामग्री कुठून आणायची, याचं एक चांगलं उत्तर म्हणजे प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या खुल्या संग्रहात मराठीसह अनेक भारतीय भाषांतली चित्रपुस्तकं आहेत, ती चार पायऱ्यांत लावलेली आहेत, आणि परवाना असा की कुणीही त्यांचं भाषांतर करावं, सोपं रूप करावं, छापून वाटावं. एखाद्या शिक्षकाला मराठी गोष्टीची कातकरी आवृत्ती करून दोन्ही शेजारी ठेवायची असेल, तर त्याला परवानगीसाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. मात्र पायरी ठरवताना शब्दसंख्येवर भिस्त ठेवण्याची सवय इथंही दिसते. दोनशे शब्दांची गोष्ट सातशे शब्दांच्या गोष्टीपेक्षा अवघड असू शकते, हे उंदरानं आधीच दाखवून दिलं आहे.

गोष्टींचा शेवट बदलावा का, यावर शिक्षकांमध्ये एकमत होत नाही. मेणाच्या घरातल्या चिमणीकडं शेणाच्या घरातला कावळा पावसात येतो. ती बाळाला न्हाऊ घालते, अंग पुसते, तीट लावते, आणि दार उघडायचं लांबवत राहते. घरगुती मराठीचा असा साठा एका ठिकाणी क्वचित मिळेल, तोही एकाच ढंगात, पुन्हा पुन्हा. पण काही घरांत या गोष्टीच्या शेवटी चिमणी कावळ्याला तापल्या तव्यावर बसायला सांगते. आता बऱ्याच पुस्तकांत तवा गेला आणि चिमणी दार उघडून कावळ्याला खाऊ देते. यात भ्रष्ट काही नाही. खुद्द ग्रिमबंधूंनी १८१२ पासून १८५७ पर्यंतच्या सात आवृत्त्यांत आपल्या कथा सतत बदलल्या. हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती, ती पुढच्या आवृत्तीत सावत्र झाली. गोष्टी अशाच जगतात. भाषा शिकणाऱ्याचं नुकसान तवा गेल्यानं होत नाही, बाळाची आंघोळ गाळल्यानं होतं.

मोठ्या माणसाचा प्रश्न निराळा. त्याला चिमणी चालते, उंदीरही चालतो. शेवटी कुणी ‘लोभ करू नये’ असं बजावलं की तो पुस्तक मिटतो. श्रीरामपूरच्या पंडितांना हे कळत होतं. विशी-पंचविशीतल्या अधिकाऱ्यांपुढं त्यांनी राजे, चोर, कारस्थानं ठेवली. आजच्या प्रौढ शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीनं लिहायला हवी ती वेताळपंचविशी. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी वेताळ विक्रम राजापुढं एक सवाल टाकतो, आणि सवाल असा की दोन्ही बाजूंनी बोलता यावं. देवीच्या देवळात दोघांची डोकी धडावेगळी झाली आहेत. देवी जिवंत करायला तयार आहे. घाबरलेली बायको घाईत नवऱ्याचं डोकं दुसऱ्याच्या धडावर आणि दुसऱ्याचं नवऱ्याच्या धडावर बसवते. आता तिचा नवरा कोणता? टॉमस मान यानं १९४० मध्ये यावर कादंबरी लिहिली, गिरीश कर्नाडांनी पुढं ‘हयवदन’ नाटक. गोष्ट मात्र सोप्या मराठीत दीडशे वाक्यांत सहज मावते. डोकं, धड, हात, नवरा, देऊळ, तलवार, घाई: शब्दही काही अवघड नाहीत.

विक्रमाचं उत्तर ठरलेलं आहे. सगळ्या अवयवांत डोकं श्रेष्ठ, म्हणून ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तो नवरा. मोठ्यांच्या वर्गात हे कुणी मुकाट्यानं मान्य करील असं दिसत नाही. ‘पण’, ‘तरी’, ‘समजा’, ‘मला नाही पटत’ हे सगळं त्या वादात लागेल. मूळ कथेत राजानं तोंड उघडलं की वेताळ प्रेत घेऊन पुन्हा झाडाला लटकतो आणि सगळी पायपीट पहिल्यापासून. शिक्षकाची गरज नेमकी उलटी: गप्प बसलेल्या कोपऱ्यातल्या गृहस्थांनी एकदाचं तोंड उघडावं, लिंग-वचन चुकलं तरी बेहत्तर.